सौदा तोंडी, भांडण कागदावर



 भुसावळची ही परिषद मे महिन्याच्या उन्हात भरवली नाही, हाच स्वागत समितीचा मोठा पाहुणचार समजावा. दुपारी वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या आहेत. तिखटाची तक्रार कोणत्याही न्यायालयात दाखल करून घेतली जाणार नाही.

व्यापारी दस्तऐवज हा परिषदेचा विषय ठरला तेव्हा समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, हा तर मुंबईच्या बंदराचा विषय, आपला कुठला? मला उलट वाटतं. मोठ्या कंपन्या आधी चाळीस पानी करार करतात, मग माल हलवतात. आमच्याकडे व्यापारी केळीच्या बागेत उभा राहून म्हणतो, नवतीला, म्हणजे नव्या लागवडीच्या मालाला, आजचा बऱ्हाणपूरचा भाव, वापसीचा, म्हणजे बाजूला काढलेल्या हलक्या मालाचा, वेगळा. शेतकरी मान डोलावतो आणि संध्याकाळी गाडी भरते. 1872 चा करार कायदा अशा तोंडी सौद्यालाही करारच मानतो. पण पुढे बिनसलं की कोर्टापुढे काय ठेवणार? वजनाची काटापट्टी, वाहतुकीची बिल्टी आणि बिल, एवढंच. कराराचा कागद म्हणून ते कुणी लिहिलेलेच नसतात. कुणी हमालाच्या पाठीवर ठेवून, कुणी ड्रायव्हरच्या घाईत. आणि निकाल मात्र त्यांच्यावर लागतो.

हे रेल्वेचं गाव, म्हणून आधी रेल्वेच्या बिल्टीबद्दल, म्हणजे रेल्वे पावतीबद्दल बोलतो. 1930 च्या मालविक्री कायद्यात मालकी हक्काच्या दस्तऐवजांची व्याख्या आहे. तिच्यात जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगबरोबर रेल्वे पावतीचंही नाव आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याचं 74 वं कलम आणखी पुढे जातं. ज्याच्या नावे माल आहे किंवा ज्याच्या नावे बिल्टी बेचन (एन्डॉर्स) केली आहे, त्याच्या हाती ती पडली की मालाची मालकी त्याच्याकडे जाते. माल तेव्हा खंडव्याच्या पुढे कुठेतरी धावत असेल, तरीही.

बिल्टीच्या या ताकदीवरचा गाजलेला खटला त्या कायद्याच्या आधीचा, आपल्या ठाण्याचा आहे. 1949 मध्ये ठाण्याच्या एका पेढीने दिल्लीजवळच्या ओखल्याला माल पाठवला आणि बिल्ट्या मोरवी मर्कंटाइल बँकेकडे देऊन वीस हजार रुपये उचलले. ओखल्याला ज्या पेट्या दाखवल्या गेल्या त्या आपल्या मालाच्या नाहीत, असं म्हणत बँकेने त्या नाकारल्या आणि रेल्वेवर 35,500 रुपयांचा दावा लावला. उच्च न्यायालय म्हणालं, तुमचे वीस हजार अडकले, तेवढेच घ्या. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी बहुमताचा निकाल दिला: बिल्टी गहाण ठेवणं म्हणजे मालच गहाण ठेवणं, आणि असा गहाणदार मालाची पूर्ण किंमत मागू शकतो. बँकेतून बिल्टी सोडवून आणणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याचा धंदा या निकालावर उभा आहे, त्याने तो वाचलेला नसला तरी.

पण त्याच बिल्टीवर कधी कधी एक शिक्का असतो, 'सेड टू कंटेन'. म्हणजे वजन आणि नग पाठवणाऱ्याने सांगितले, रेल्वेच्या माणसाने मोजले नाहीत. रेल्वे कायद्याच्या 65 व्या कलमानुसार एरवी बिल्टीवरचं वजन हाच सकृद्दर्शनी पुरावा. वॅगनभर मालावर असा शेरा पडला, की वजन सिद्ध करण्याचं ओझं आपल्या डोक्यावर. शिक्का मारला जातो तेव्हा आपला माणूस बहुधा चहाला गेलेला असतो.

केळीचं आणखी वेगळं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कापसाची गाठ असावी. ती गोदामात महिनाभर निमूट पडून राहते. सावदा, निंभोऱ्याहून निघालेली केळी बिल्टीची वाट पाहत नाही. म्हणून बिल्टी हजर नसली तरी हमीपत्र घेऊन माल सोडण्याची सोय आहे. मात्र माल चुकीच्या हाती गेला की हे हमीपत्र कुणी, कोणत्या अधिकाराने दिलं, यावर वर्षानुवर्षं तारखा पडतात.

आता बहुतेक माल ट्रकने जातो. ट्रान्सपोर्टच्या पावतीमागे भिंग लावून वाचावं अशा अक्षरात छापलेलं असतं, वाद फक्त अमुक शहराच्या न्यायकक्षेत. फैजपूरच्या शेतकऱ्याने त्यासाठी मुंबईला खेटे घालायचे का? 1991 च्या पटेल रोडवेज निकालात मुद्दा वेलदोड्याचा होता. माल तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरच्या शाखेत सोपवला होता आणि पावतीवर मुंबईची न्यायकक्षा छापलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कंपनीच्या ज्या शाखेच्या गावी दाव्याचं कारण घडलं, तिथलंच न्यायालय खरं. छापील अटीने मुंबईला अधिकार मिळत नाही. कित्येक जण ती ओळ वाचूनच दावा सोडून देतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

रुईच्या निर्यातीबद्दल दुपारच्या सत्रात तज्ज्ञ बोलतीलच. बँक लेटर ऑफ क्रेडिटवर पैसे देताना गाठी उघडून पाहत नाही, फक्त कागद पाहते. बिलावरचं मालाचं वर्णन लेटर ऑफ क्रेडिटशी जुळलं नाही, तर रुई कितीही उत्तम असो, पैसे अडकतात.

आम्ही यजमान असलो तरी पाहुण्यांकडे एक मागणी करणार आहोत. बागेत लिहायच्या काटापट्टीचा एकपानी नमुना आम्हाला करून द्या, साध्या मराठीत. नवती की खोडव्याची पिलबाग, वापसी किती, दांड्याची कटती किती, भाव कोणत्या दिवसाचा, पैसे कधी, आणि दोघांच्या सह्या. वकिलांनी त्यात 'उपरोक्त' आणि 'सदरहू' घालू नयेत. कोरे कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत, आडते आणि शेतकरी तिथेच बसतील. आता मी अध्यक्षांना परिषदेची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.