माळावर हिरवा कुठे आहे?

म्हैसूरला आलेला मराठी माणूस जगनमोहन राजवाड्यात जातो, तो सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र पाहायला. ते जलरंगातलं आहे. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. जिथे उजेड हवा, तिथला कागद राखावा लागतो.

माळ रंगवतानाही हेच करावं लागतं. मी दख्खनचे गवताळ माळ, थरचं वाळवंट आणि तिथले पक्षी-प्राणी रंगवते. माझ्या पेटीत यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अंबर आधी संपतात. चित्र पाहून लोक विचारतात, "यात हिरवा कुठे आहे?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याने जंगलं नव्हे, माळ मारले. हिरवं नाही ती जमीन पडीक, असं आपण कागदोपत्री लिहून ठेवलं. मग तिथे झाडं लावणं पुण्याचं काम ठरलं. आपल्या कर्नाटकातलंच राणेबेन्नूर घ्या. १९७४ साली काळविटांसाठी अभयारण्य झालं. तिथे माळढोकही होता. पण त्या माळावर मोठ्या प्रमाणात नीलगिरी लावलेली होती. माळढोकाला दूरवर दिसेल अशी मोकळी जमीन लागते. तो घरटं बांधत नाही, मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. अंडं, पिसं, गवत सगळं एकाच रंगाचं. आपण ज्याला ओसाड म्हणतो, तोच त्याचा आडोसा.

महाराष्ट्रात १९७९ साली नान्नजसह सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरले असावेत, बहुतेक जैसलमेरकडे. तिथे आता तारा आल्या. नर १५ किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे समोरचं कमी दिसतं. तार जवळ आल्यावर एवढं वजन वळवता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सौम्य केला, कारण त्याच तारांतून सौर वीज येते आणि तीही आपल्याला हवी आहे. पेच खरा आहे. एक बाजू वाईट असती तर सोपं होतं.

चित्र विकत घेणारे मला सांगतात, "त्या तारा तेवढ्या काढा, चित्र छान दिसेल." मी काढत नाही. तारांशिवायचा माळ रंगवला, तर उद्या कुणाला कळणारही नाही की पक्षी कशाने गेला.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाताना खिडकीबाहेर तपकिरी माळ दिसला, तर मुलांना "इथे काही नाही" असं सांगू नका. तिथे चंडोल आहे, धाविक आहे, खोकड आहे, लांडगा आहे आणि मेंढरं घेऊन फिरणारा धनगर आहे. गाडी थांबवा, दहा मिनिटं उभं राहा. डोळे तपकिरीला सरावले, की माळ हलायला लागतो.