आज्ञा कोणाची?



दहा आज्ञांची यादी आज मी वाचणार नाही. चोरी वाईट, खोटी साक्ष वाईट, यावर कुणाचा वाद नसतो. कोडं पडतं ते देवाची आज्ञा कोणती हे भलताच कुणी सांगू लागतो तेव्हा. म्हणून पंडिता रमाबाईंबद्दल बोलतो.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता बाई चर्चच्या शिस्तीत वागतील, अशी तिथल्या मठातल्या भगिनींची अपेक्षा. बाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं विचारलं. त्रैक्याचा सिद्धान्त चर्च सांगतं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. तरुण पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी नापसंती कळवली, बाई संतापल्या. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार जरूर वाचा. सिस्टरना त्यात गर्व दिसतो. बाईंचं म्हणणं असं, की सदसद्विवेक देवाने दिला आहे, तो कुणाच्या स्वाधीन कसा करू? मला तरी हा आज्ञाभंग वाटत नाही. पहिली आज्ञा अक्षरशः पाळायची तर देवाच्या जागी बिशपही बसवता येत नाही.

पण हीच निष्ठा पुढे दुसऱ्यांना जाचली. मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी बाईंचं शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथे धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलं होतं. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार मात्र उघडं ठेवीत; मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. पालकांचा राग मला खोटा वाटत नाही. विधवा मुलगी परक्या घरी ठेवणाऱ्याने भरवसा टाकलेला असतो. पण दार लावून, लपून प्रार्थना करणं बाईंना जमणारं नव्हतं. दोन्ही बाजूंनी शब्द पाळण्याचाच प्रश्न होता.

१८९६-९७च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला ठेवल्या. अनाथ-विधवांची विचारपूस हाच शुद्ध धर्म, असं याकोबाच्या पत्रात आहे. बाईंनी त्याचा अर्थ धान्य, विहीर आणि हातमाग असा लावला. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंधांसाठी ब्रेल. शेजाऱ्यावर प्रीती करायची म्हणजे रोज इतक्या तोंडांचा स्वयंपाक करायचा. त्या कामाचं वर्णन भक्तिभावाने करणारे पुष्कळ भेटतात. पीठ कुणी दळलं, हे क्वचितच कुणी विचारतं. मुलीच दळत.

इथे एक गंमत आहे. चर्चचा हुकूम न मानणाऱ्या बाईंच्या केडगावच्या आश्रमात, 'मुक्ती'त, दिवस घंटेवर चाले. शब्द बाईंचाच. एखाद्या मुलीने त्यांनाच विचारलं असतं तर, की बाई, ही देवाची आज्ञा की तुमची?

त्यावर बाईंनी केलेली तजवीज मला मोठी वाटते. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवायला बसल्या. वर्षानुवर्षं ते काम चाललं. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बाया. आज्ञा काय आहे हे मुलींना आता बाईंनाही विचारावं लागणार नव्हतं. १९२२ मध्ये बाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.