न आलेल्या रुग्णाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा चटकन रुग्णालयाकडे वळते. खाटा किती, यंत्रे किती, शस्त्रक्रियेचा खर्च कोणी सोसावयाचा, यावर वाद झडतात. परंतु सामान्य माणसाचा बहुतेक आजारांत संबंध येतो तो कोपऱ्यावरच्या दवाखान्याशी. या दवाखान्याचे आणि नागरिकाचे नाते कोणते असावे? दुकानदार आणि गिऱ्हाईक एवढेच, की त्याहून काही अधिक? काही देशांनी या प्रश्नाचे उत्तर एका साध्या दिसणाऱ्या कृतीतून दिले आहे. नागरिकाने एका दवाखान्याच्या यादीत आपले नाव नोंदवावयाचे आणि शासनाने त्या नावामागे दवाखान्याला दरसाल ठरावीक रक्कम द्यावयाची. न्यूझीलंडची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे ही यादी साठ वर्षे उशिरा आली, आणि आली तीही अर्धीमुर्धीच.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर वायटाकी नदीवर १९२८ ते १९३४ या काळात धरण बांधले गेले. त्यातील अखेरची वर्षे जागतिक मंदीची होती. जवळच्या कुरो गावी गर्वन मॅकमिलन हे डॉक्टर, अर्नोल्ड नॉर्डमायर हे धर्मोपदेशक आणि अँड्र्यू डेव्हिडसन हे शाळेचे मुख्याध्यापक राहत. धरणावरील मजुरांनी वेतनातून थोडी वर्गणी द्यावी आणि त्या निधीतून त्यांना औषधोपचार मिळावा, अशी व्यवस्था तेथे उभी राहिली. आजारी पडल्यावर पैसे मोजण्यापेक्षा सर्वांनी आधीच मिळून तरतूद करावी, हा तिचा गाभा होता. या तिघांपैकी मॅकमिलन आणि नॉर्डमायर १९३५ साली मजूर पक्षातर्फे संसदेत निवडून गेले, आणि मायकेल जोसेफ सॅव्हेज यांच्या शासनाने १९३८ साली सामाजिक सुरक्षा कायदा संमत केला.

रुग्णालयातील उपचार मोफत झाले. डॉक्टरांच्या बाबतीत मात्र गाडे अडले. १९४१ च्या आरंभी शासनाने दरडोई मोबदल्याची योजना पुढे केली. डॉक्टरांच्या संघटनेने तीकडे पाठ फिरवली आणि फार थोडे डॉक्टर तीत सामील झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड झाली. रुग्णाच्या प्रत्येक भेटीमागे शासनाने साडेसात शिलिंग द्यावे आणि त्यावर रुग्णाकडून आणखी फी घेण्याची मोकळीक डॉक्टरला असावी, असे ठरले. कुरोचे नॉर्डमायर त्या वेळी आरोग्यमंत्री होते, हा इतिहासाचा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. शासनाची रक्कम वर्षानुवर्षे तेवढीच राहिली, महागाई वाढत गेली, आणि दरवाढीचा भार रुग्णाच्या खिशावर पडला. परिणाम असा की, रुग्णालय मोफत. पण तेथे जाण्याची पाळी येऊ नये म्हणून ज्याच्याकडे वेळीच जावयाचे, त्याचे दार मात्र पैसे मोजल्याशिवाय उघडेना.

ब्रिटनमध्ये लढा वेगळ्या रीतीने निभावला. तेथे १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यापासून पॅनेल डॉक्टरची पद्धत होती. परंतु ती कमावत्या कामगारापुरती. त्याची बायकामुले तीत सहसा बसत नसत. अन्यूरिन बेव्हन यांनी ५ जुलै १९४८ पासून ती यादी साऱ्या जनतेला खुली केली. डॉक्टरांच्या संघटनेने त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रचंड बहुमताने विरोधी कौल दिला होता. बेव्हन यांनी काही सवलती दिल्या, डॉक्टरांना पगारी नोकर करण्याचा आग्रह सोडला. परंतु यादी आणि मोफत भेट ही दोन सूत्रे सोडली नाहीत. पुढे १९५१ मध्ये चष्मे व दातांच्या कवळ्यांवर आकार बसविण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर औषधांच्या चिठ्ठीवरही आकार आला. डॉक्टरची भेट मात्र मोफतच राहिली.

यादीला एवढे महत्त्व का द्यावयाचे? भेटीमागे पैसे मिळतात तेथे डॉक्टरच्या हिशेबात फक्त आलेला रुग्ण असतो. न आलेला माणूस त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. यादी असली म्हणजे न आलेल्या माणसाचेही नाव समोर राहते. वेल्समधील ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावी ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने याचा अर्थ कृतीत उतरवला. आपल्या यादीतील प्रौढांचा रक्तदाब, तक्रार असो वा नसो, तपासावयाचा, आणि जे आले नाहीत त्यांना शोधून काढावयाचे, असा क्रम त्यांनी ठेवला. पंचवीस वर्षांच्या कामाचा त्यांनी १९९१ मध्ये जो हिशेब मांडला, त्यात शेजारच्या तशाच गावापेक्षा अकाली मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. याच ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये असा सिद्धांत मांडला होता की, चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या व्यस्त प्रमाणात मिळते आणि बाजाराला जितका मोकळा वाव, तितका हा नियम अधिक कठोर होतो.

न्यूझीलंडला हे शहाणपण पुन्हा सुचावयास २००१ साल उजाडले. त्या वर्षी मजूर पक्षाच्या शासनाने प्राथमिक आरोग्याचे नवे धोरण जाहीर केले आणि २००२ पासून दवाखान्यांच्या संघटना बांधून नावनोंदणी व दरडोई अनुदान सुरू झाले. नाव नोंदविलेल्यास फी कमी, न नोंदविलेल्यास अधिक, असा भेद आला. डिसेंबर २०१८ पासून चौदा वर्षांखालील मुलांसाठी बहुतेक दवाखान्यांत भेट मोफत झाली. परंतु प्रौढाकडून फी घेण्याचा १९४१ चा अधिकार डॉक्टरांकडेच राहिला. शिवाय डॉक्टरांच्या तुटवड्यामुळे अनेक दवाखान्यांनी नव्या नावांसाठी यादीच बंद केली. नोंदणीची पात्रता असते, पण जागा मिळत नाही. माओरी समाजातील नावनोंदणीचे प्रमाण इतरांहून कमी आहे. म्हणजे ज्यांची गरज मोठी, तेच यादीबाहेर.

दरडोई पद्धतीलाही दोष आहेत, ते झाकण्याचे कारण नाही. माणशी रक्कम सारखीच असेल तर डॉक्टरला निरोगी तरुण हवासा आणि जुनाट दुखण्याचा वृद्ध नकोसा वाटू लागतो. म्हणून वय, आजार आणि दारिद्र्य यांचा भार रकमेत धरावा लागतो. यादी बेसुमार फुगली तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटेच येतात. म्हणून यादीला मर्यादा हवी, आणि ती पाळता यावी एवढे डॉक्टर शासनाने तयार केले पाहिजेत. पैशाच्या तरतुदीवाचून केलेली नोंदणी ही नुसतीच वही होय.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याखाली मुंबईत पॅनेल डॉक्टर आले. नोंदलेल्या कामगारामागे त्यांना दरडोई मोबदला मिळे, आणि गिरणगावाला हे नाते चांगले परिचयाचे होते. पण ही यादी नागरिकत्वाशी नव्हे, नोकरीशी बांधलेली होती. १९८२ च्या संपानंतर हजारो कामगारांची नोकरी गेली आणि तिच्यामागोमाग यादीतले नावही गेले. ग्रामीण भागात सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगरी व आदिवासी प्रदेशात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. तेथे लोकसंख्येचा आकडा आहे, परंतु अमुक माणसाला अमुक डॉक्टर जबाबदार, असे नाते नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना गरजूंना आधार देतात, पण त्यांचा रोख रुग्णालयातील उपचारांवर आहे. खाटेवर पडण्याआधीचा माणूस तीत येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांची मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक नागरिकाचे नाव, तो नोकरीत असो वा नसो, भाड्याच्या खोलीत राहो वा पदपथावर, एका ठरावीक डॉक्टरच्या यादीत असावे. त्या नावामागे सार्वजनिक निधीतून पुरेसे पैसे यावेत. आणि दाराशी फी नसावी. यांतील तिसरी अट सोडली की काय होते, ते न्यूझीलंडने १९४१ मध्ये दाखवून दिले आहे. पहिली अट नोकरीला बांधली की काय होते, ते गिरणगावाने भोगले आहे.

येत्या काळात वस्तीवस्तीत जाल तेव्हा दवाखाना कोठे आहे, एवढेच विचारून थांबू नका. या गल्लीतला जो माणूस गेल्या वर्षभरात दवाखान्याची पायरी चढला नाही, त्याची विचारपूस करणे कोणाचे काम आहे, हेही विचारा. उत्तर मिळणार नाही. ते मिळवून देणे हेच आपले काम आहे.