खूण आणि माणूस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, तिच्यात मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज किल्ली न लावता उघडणाऱ्या मोटारींच्या कुलपाविषयी बोलणार आहे. हा माझा प्रांत नव्हे, असे कोणी म्हणेल. पण या शास्त्राचा एक मूळ दंडक भाषेच्याच एका शिक्षकाने घालून दिला आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स हा जन्माने डच. पॅरिसमध्ये तो जर्मन भाषा शिकवीत असे. १८८३ साली त्याने लष्करी गुप्तलेखनावर निबंध प्रसिद्ध केला. कुलपाची सारी घडण शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. संगणकशास्त्राच्या वर्गात आजही हे तत्त्व त्याच्याच नावाने शिकवले जाते. तेव्हा भाषेच्या मास्तराने कुलपात नाक खुपसण्याला पूर्वपरंपरा आहे, एवढे आपण मान्य कराल.

विषय निवडण्याचे दुसरे कारण याच वस्तीत आहे. भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून मागांवर आणि गिरण्यांत काम करायला आलेल्या कुटुंबांची आता पुढची पिढी नांदते आहे. हप्त्यांवर घेतलेली मोटार दाराला टेकून उभी असते आणि तिची किल्ली दाराच्या आतल्या खुंटीवर. ज्या घरात ती मोटार भाड्याने चालते, तेथे ती चोरीला जाणे म्हणजे रोजगार जाणे. हप्ता मात्र मागे उरतोच. मोटार आणि खुंटी यांच्यामधले ते दोन-तीन हातांचे अंतर हाच आजचा माझा विषय आहे.

प्रथम हे कुलूप कसे चालते ते पाहू. जुन्या रिमोटचे बटण आपण दाबतो, तेव्हा तो मोटारीला एक सांकेतिक अंक पाठवतो. तोच अंक पुन्हा चालत नाही. दर वेळी नवा लागतो. कोणी चोरून ऐकला तरी शिळा अंक निरुपयोगी. यालाही फसवणारे उपकरण २०१५ साली अमेरिकेत एका संशोधकाने जाहीर करून दाखवले. मालकाचा अंक मोटारीपर्यंत पोहोचू न देता मधल्यामध्ये अडवायचा आणि ताजा असतानाच राखून ठेवायचा, अशी त्याची रीत. असो.

खरी मौज आहे ती बटणही न दाबता उघडणाऱ्या मोटारीत. किल्ली खिशात असते. आपण दाराच्या मुठीला हात लावतो आणि मोटार हळू आवाजात हाक मारते. ही हाक अगदी मंद लहरींची असते, ती एक-दोन मीटरपलीकडे जात नाही. किल्लीने ती ऐकली की ती आपल्या खड्या आवाजात, बऱ्याच दूर जाणाऱ्या लहरींवर, मोटारीने घातलेल्या कोड्याचे उत्तर देते. उत्तर बरोबर आले की दार उघडते. कोडे दर वेळी वेगळे, उत्तरही वेगळे. गणित इतके अवघड की नुसते ऐकून कोणाला ते सोडवता येऊ नये. मग चोर करतो काय? तो गणित सोडवायला बसतच नाही.

बुद्धिबळातली एक जुनी युक्ती मुलांना ठाऊक असेल. ज्याला खेळ मुळीच येत नाही, असा पोरगा दोन महारथींशी एकाच वेळी डाव मांडतो, एकाशी पांढरी मोहरी घेऊन, दुसऱ्याशी काळी. पहिल्याची खेळी दुसऱ्याच्या पटावर, दुसऱ्याची पहिल्याच्या पटावर, एवढेच तो करतो. ते दोघे खेळतात एकमेकांशी. पण दोघांनाही वाटते, समोरचा पोरगा मोठा तरबेज आहे. मोटारचोरांचे तंतोतंत असेच चालते. एक जण मोटारीजवळ, दुसरा घराच्या दाराशी, दोघांच्या हाती एकेक खोके. मोटारीची हळू हाक पहिले खोके दुसऱ्याकडे पोहोचवते, दुसरे ती भिंतीपलीकडच्या खुंटीवरील किल्लीला ऐकवते. किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते. मोटार समजते, धनी आला. कोणतेही गुपित फुटलेले नसते, काच फुटलेली नसते, आवाजही होत नाही.

झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील तीन संशोधकांनी २०११ साली हे पद्धतशीरपणे तपासून प्रसिद्ध केले. आठ कंपन्यांच्या दहा मोटारी त्यांनी घेतल्या. दहाही या युक्तीला बळी पडल्या. दोष एखाद्या कारखान्याच्या हलगर्जीपणाचा असता, तर काही मोटारी तरी वाचल्या असत्या. दोष गृहीतकातच होता. हाक हळू आहे, म्हणून ज्याला ती ऐकू आली तो जवळच असला पाहिजे, असे या कुलपाने मानले होते.

येथे मला आपल्या सुरतेची आठवण होते. या शहराच्या हुंडीला एके काळी दूरदूरच्या पेठांतून मान होता. हुंडीत रक्कम लिहिताना अंकांत आणि अक्षरांत तर लिहीतच. शिवाय तिची निमपट लिहून ‘त्याची दुप्पट’ असेही लिहीत, म्हणजे मधल्या कोणाला शून्य वाढवता येऊ नये. पण कागदाची खोड काढली तरी माणसाचा प्रश्न उरतो, हे सराफांना पक्के ठाऊक होते. म्हणून हुंडीचे प्रकार केले. जो कोणी आणून दाखवील त्याला रक्कम द्यायची, तो एक प्रकार. दुसरा शहाजोग हुंडीचा. तिची रक्कम पेठेत पत असलेल्या गृहस्थालाच मिळे. तेथे कागद खरा आहे एवढे पुरत नसे. तो घेऊन कोण आला, याची चौकशी करणे हे पैसे देणाऱ्याचे कर्तव्यच असे. बिनकिल्लीच्या मोटारीने पहिल्या प्रकारची हुंडी स्वीकारली आणि मालकाला मात्र दुसऱ्या प्रकारची स्वीकारल्याचे भासवले, असे मला वाटते. ती खूण ओळखते. माणूस ओळखत नाही.

यावर उपाय निघाला आहे आणि तो मोठा सुंदर आहे. प्रकाश असो वा रेडिओची लहर, एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ती सुमारे ३० सेंटीमीटर जाते. त्याहून वेगाने कोणालाच जाता येत नाही. मग हाक किती मोठ्याने आली हे न पाहता, उत्तर यायला वेळ किती लागला ते मोजावे. निरोप्या मध्ये आला की वाट लांबणारच. संशोधकांनी ही कल्पना १९९३ साली मांडली होती. ती काही मोटारींच्या किल्ल्यांत येऊ लागली, तेव्हा पाव शतक उलटून गेले होते. नवी मोटार घेताना किल्लीत ही सोय आहे काय, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. त्याला उत्तर आले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

मात्र दार बळकट झाले की चोर दाराशी येत नाही. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, तेव्हा तान्ह्या बाळासाठी हिरकणी कडा उतरून गेली, ही आख्यायिका येथे कोणाला सांगायला नको. त्या माउलीशी चोरांची तुलना करण्याचे पाप मी करणार नाही. तुलना आहे ती फक्त वाटेची. २०२२ साली लंडनमधील एका मोटार-सुरक्षातज्ज्ञाचीच गाडी चोरीला गेली. चोरांनी पुढच्या दिव्याजवळचा भाग उचकटला होता. मोटारीतले सगळे भाग ज्या अंतर्गत तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्यांची एक शाखा त्या दिव्यापर्यंत येते. तिला उपकरण जोडून ‘किल्ली पटली’ असा खोटा निरोप आत सोडता येतो, हे त्या तज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह शोधून काढले आणि २०२३ साली ते प्रसिद्ध झाले. गाणी ऐकण्याच्या छोट्या स्पीकरच्या कवचात दडवलेली अशी उपकरणे बाजारात विकली जात होती. कड्याच्या त्या जागी महाराजांनी बुरूज बांधला, असे आख्यायिका सांगते. मोटारीच्या पोटात ज्याच्या त्याच्या निरोपाची शहानिशा करणे, हा तसाच बुरूज. तो बांधण्याचे काम कारखान्यांनी उशिरा हाती घेतले.

आपल्या देशात, विशेषतः दिल्लीकडे पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्यांत आणखी एक रीत दिसते. काच फोडून आत शिरायचे, स्टिअरिंगखालच्या दुरुस्तीच्या जोडणीला यंत्र लावायचे आणि मोटारीला नवी कोरी किल्ली शिकवायची. येथे मोटारीची फसगतही म्हणता येत नाही; नवा धनी तिच्या दप्तरी नोंदवला जातो.

हे सारे व्यासपीठावरून उघड सांगावे काय, अशी शंका काही पालकांच्या मनात आली असेल. तिला इतिहास आहे. मोटारीचे इंजिन रोखून धरणाऱ्या एका प्रचलित चिपेतील दोष तीन संशोधकांनी शोधला, तेव्हा फोक्सवॅगन कंपनीने इंग्लंडच्या उच्च न्यायालयात जाऊन २०१३ साली निबंधाच्या प्रकाशनाला मनाई आणली. तडजोडीनंतर निबंध २०१५ साली छापला गेला, त्यातले केवळ एक वाक्य गाळून. मधल्या दोन वर्षांत अंधारात राहिले ते मोटारींचे मालक. चोर निबंधांची वाट पाहत नाहीत. मी या बाबतीत केर्कहॉफ्स मास्तरांच्या बाजूचा आहे.

घरी गेल्यावर करण्याजोगे थोडे सांगतो. किल्ली दाराजवळच्या खुंटीवरून काढून आतल्या खोलीत न्यावी. झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात किंवा धातूचे अस्तर असलेल्या पिशवीत ठेवली, तर तिला बहुधा हाक ऐकू जात नाही. पण विश्वासावर राहू नये. डबा हातात घेऊन मोटारीजवळ उभे राहावे आणि दार उघडते का ते पाहावे. उघडले तर डबा बदलावा. काही मोटारींत ही आपोआप उघडण्याची सोय बंद करता येते, माहितीपुस्तिका चाळावी. स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा जुनाट दिसतो खरा, पण त्याला कोणाचा निरोप ऐकू येत नाही. विमा कंपन्या चोरीचा दावा देताना मूळच्या दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून दुसरी किल्ली कोठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. आणि जुनी मोटार विकत घेताना किती किल्ल्या मिळाल्या एवढे मोजून थांबू नये. मोटारीच्या दप्तरी किती किल्ल्यांची नोंद आहे ते कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत पाहून घ्यावे आणि आपल्या हाती नसलेल्या किल्ल्यांची नोंद तेथेच पुसून टाकावी.