दादरच्या शाळा आणि रोजगाराचे जाळे

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आर्थिक प्रगती झाली की जात आपोआप विरघळेल, असे मानणारा एक पक्ष आहे. जात ही मनाची खोड आहे, प्रबोधनाने ती जाईल, असे मानणारा दुसरा. दोन्ही पक्षांना फेरविचार करावयास लावणारे एक संशोधन याच मुंबईत, दादरमध्ये झाले आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांचा हा निबंध 2006 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांविषयी तो आहे, तेथील कार्यकर्त्यांनी तो समजून घेतला पाहिजे.

प्रथम रोझेन्झ्वाइग यांच्या कामाची रीत पाहू. एकदाच केलेल्या पाहणीत कोण गरीब आणि कोण सुस्थितीत एवढे दिसते. त्याचे कारण दिसत नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्याची मिळकत अधिक असली, तर ती शाळेमुळे की घरच्या वळणामुळे, हे कसे ठरवावे? त्याच कुटुंबांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, तर त्यांच्यातील न बदलणारे गुण हिशेबातून वजा करता येतात आणि बदलाचा बदलाशी संबंध तपासता येतो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने 1975 पासून अशा नोंदी ठेवल्या; त्यांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण ही गावे होती. इक्रिसॅटच्या नोंदींवरून रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी 1989 साली दाखवले की, दूरच्या गावी मुली देण्यामागे संकटाशी सामना करण्याचा हिशेबही असतो. एका गावी पाऊस चुकला तरी दुसऱ्या गावचे सोयरे उपयोगी पडतात. नातेसंबंधांचे जाळे हा गरिबांचा विमाच होय.

असेच जाळे शहरात कसे चालते, हा दादरच्या अभ्यासाचा विषय. सुमारे 4,900 मराठी कुटुंबांची त्यासाठी पाहणी झाली. येथे तीच घरे पुन्हापुन्हा पाहिली नव्हती. परंतु 1982 ते 2001 या काळात पहिलीत गेलेल्या मुलामुलींच्या तुकड्या क्रमाने मांडल्या, त्यामुळे वीस वर्षांतील बदल जातवार तपासता आला. गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला. म्हणजे गिरणगाव कोसळत असतानाच ही मुले मोठी होत होती.

निष्कर्ष असा. 1990 नंतर इंग्रजी शिक्षणाचा आर्थिक लाभ बराच वाढला. तरीही ज्या जातींतील पुरुष परंपरेने कामगार होते, त्या जातींतील मुलगे मराठी शाळांकडेच वळत राहिले, आणि उच्च जातींतील मुलांपासूनचे त्यांचे अंतर कमी झाले नाही. त्याच जातींतील मुली मात्र झपाट्याने इंग्रजी शाळांत गेल्या. आईबाप तेच, घर तेच. मग हा भेद का?

त्याचे उत्तर गिरणीच्या दारात आहे. कोकणातून वा घाटावरून आलेल्या माणसाला काम मिळे ते जॉबरच्या ओळखीने, गाववाल्याच्या वा जातभाईच्या शब्दावर. गावकीच्या खोलीत पथारी मिळे, बेकारीत खानावळीची उधारी चाले. हे जाळे टिकते ते प्रत्येक घराने आपला मुलगा त्यात घालावा या अपेक्षेवर. मुलगा वेगळ्या वाटेने गेला, तर जाळे तेवढे विरते. म्हणून त्याच्यावर बंधन येते. मुलींना या जाळ्याने कधी काम दिलेच नव्हते, म्हणून त्यांच्यावर त्याचे ओझेही नव्हते. वंचितपणाच येथे मोकळीक ठरला.

या जाळ्याचे केवळ कौतुक करून चालणार नाही. त्याने आत घेतले तसे बाहेरही ठेवले. विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. कामगारांची एकजूट जातीच्या पायावर उभी राहिली, की ती अपुरीच राहते.

या विचाराचा प्रभाव दादरपुरता राहिला नाही. 2016 साली याच दोघांनी, शहरात मजुरी अधिक असूनही खेड्यातील पुरुष गाव का सोडत नाहीत, याचा उलगडा जातीतील उसनवारी आणि आधार यांच्या साहाय्याने केला. जात ही अडाण्यांची अंधश्रद्धा नसून असुरक्षित जीवनातील व्यवहारी सोय आहे, हे त्यातून अधिक स्पष्ट झाले.

अर्थात, एका विभागातील मराठी कुटुंबांवरून साऱ्या देशाचा निवाडा करता येणार नाही. तसेच, मराठी शाळा हाच अडसर, असा सोयीचा अर्थही काढू नये. अडसर आहे तो मराठी शाळेतून निघालेल्या मुलासाठी ठरावीक कामाखेरीज दुसरे दार न उघडणाऱ्या व्यवस्थेचा. म्हणून मराठी शाळांत इंग्रजीचे उत्तम अध्यापन, ओळखीवाचून मिळणारा रोजगार आणि बेकारीत आधार देणारी सार्वजनिक सुरक्षा या तिन्ही मागण्या एकत्र लढवाव्या लागतील. जे काम जात करीत आली ते समाजाने हाती घेतल्याखेरीज, जात सोडा असे गरिबाला सांगण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.