खोटं बोलणारं मीटर

मी अकलूजहून बोलतोय. लाईट का गेली, हे आपण रोजच विचारतो. आज जरा आतलं बघू. कळव्याच्या राज्य लोड डिस्पॅच सेंटरसारख्या ठिकाणी शेकडो सबस्टेशनांचे आकडे येतात. त्यातला एखादा चुकीचा असला, तर ओळखायचा कसा?

समजा, एका सबस्टेशनात 20 मेगावॅट येतायत. बाहेर तीन लाईनी, 9, 6 आणि 5 च्या. तिसऱ्या लाईनीच्या सीटीची वायर उलटी जोडली गेली, की मीटर म्हणणार उणे 5. बेरीज आली 10. कुठंतरी घोळ आहे हे कळलं, पण कुठं? इथं लाईनीच्या दुसऱ्या टोकाचं मीटर कामाला येतं. ते 5 दाखवतंय, म्हणजे चोर सापडला.

मोठ्या ग्रिडवर हेच काम स्टेट एस्टिमेशन करतं. एमआयटीच्या फ्रेड श्वेपे यांनी ते 1970 मध्ये मांडलं. ज्या मीटरवर भरवसा जास्त, त्याच्या आकड्याला वजन जास्त. मग मोजलेला आकडा आणि हिशेबानं आलेला आकडा यांतला फरक बघायचा. नेहमीच्या चुकीच्या तिप्पटीहून जास्त निघाला, की संशय. पण गंमत बघा, एक खोटं मीटर शेजारच्या चांगल्या मीटरांनाही बदनाम करतं. म्हणून सगळे संशयित एकदम काढायचे नाहीत. सर्वांत मोठा फरक असलेला एकच काढायचा आणि गणित पुन्हा करायचं.

आता 14 ऑगस्ट 2003, अमेरिका. मिडवेस्टच्या ग्रिड ऑपरेटरकडं एक 230 केव्हीची लाईन बंद पडलेली, पण गणितात ती चालूच. हिशेब जुळेना. इंजिनिअरनं चूक शोधली, दुरुस्तही केली. फक्त दर 5 मिनिटांनी आपोआप चालणारं गणित परत सुरू करायचं राहिलं, आणि तो जेवायला गेला. त्याच दुपारी ओहायोत तारा झाडांना टेकल्या, तिथल्या कंपनीची अलार्म यंत्रणाही गप्प होती. चारच्या सुमारास सुमारे 5 कोटी लोक अंधारात. एकट्या त्याला दोष देणं मला पटत नाही.

आणि जिथं एकच मीटर आहे, ताडून बघायला दुसरं नाही? तिथं फरक नेहमी शून्यच येतो. ते मीटर खुशाल खोटं बोलतं, गणित मान डोलावतं. त्यावर उपाय एकच, तिथं दुसरं मीटर बसवा.