मधुमेहाचे पथ्य आणि महिन्याचा किराणा

(पुण्यात वस्तीपातळीवर झालेल्या एका कुटुंब मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



संयोजकांनी मला 'कुटुंबाचे आरोग्य' या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी वैद्य नाही, आहारतज्ज्ञही नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि आयुष्य बातमीदारीत गेले. परंतु संयोजक म्हणाले, "तुम्ही पाहिलेले सांगा." तेव्हा मी आज औषध सांगणार नाही. हिशेब सांगणार आहे.

मध्यंतरी एका सेवावस्तीत जाण्याचा योग आला. घरातील कर्ता पुरुष रिक्षा चालवतो, वहिनी चार घरची धुणीभांडी करतात. त्या गृहस्थांना मधुमेह झाल्याचे नुकतेच निदान झाले होते. वहिनींनी ट्रंकेतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हाती दिला. त्यावर पथ्य लिहिले होते : सकाळी बदाम आणि अक्रोड, दुपारी पनीर आणि कोशिंबीर, तेल ऑलिव्हचे. त्या म्हणाल्या, "काका, हे वाचून दाखवू नका, पाठ झालंय. एवढंच सांगा, हे आणायचं कशातून?" माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी जी धडपड केली, ती आज आपल्यापुढे मांडत आहे.

निर्धन रुग्णाचा विचार

वहिनींचा प्रश्न नवा नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या चिकित्सेचा जो अध्याय आहे, त्यात आचार्यांनी निर्धन रुग्णाचा स्वतंत्र विचार केला आहे. ज्याच्याजवळ धन नाही, त्याने पादत्राण आणि छत्री न घेता, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी, असे त्यांनी सांगितले. उपदेश कठोर आहे. पण रुग्णाची ऐपत पाहून उपाय सांगावा, ही त्यामागील दृष्टी मला फार मोलाची वाटते.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या कारावासात होते. त्यांना मधुमेहाशी झगडावे लागत होते. इन्सुलिनचा शोध १९२१ साली लागला. म्हणजे लोकमान्यांच्या हाती प्रामुख्याने पथ्य हेच शस्त्र होते. अशा प्रकृतीने आणि अशा जागी त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढले. पथ्य हा श्रीमंतांचा छंद नव्हे, कार्य करू इच्छिणाऱ्याचे ते साधन आहे, हे यावरून ध्यानी यावे.

पुण्यातील संशोधन काय सांगते?

आपल्यापैकी अनेकांना वाटते, "मी तर सडपातळ आहे, मला मधुमेह कसा होईल?" याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांचे २१.२ टक्के भरले. भारतीय मनुष्य बाहेरून कृश आणि आतून स्थूल असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला सांगितले.

याची सुरुवात मातेच्या उदरातच होते. डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवती मातांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अधिक भरलेली जन्मली. नुसते पोट भरणे आणि पोषण होणे यांत किती अंतर आहे, ते येथे दिसते.

आज चित्र गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच अभ्यासमालेतील २०२५ चा निष्कर्ष असा की, भारतीय माणूस आपल्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थ आणि साखरेतून घेतो.

भाकरीचा गैरसमज

येथे आपला एक आवडता समज तपासून पाहावा लागेल. "पोळी सोडली, ज्वारीची भाकरी धरली, आता साखर उतरेल," असे घरोघरी ऐकू येते. ज्वारी, बाजरी, नाचणी ही आपली धान्ये आहेत, त्यांत तंतू आहेत, खनिजे आहेत, कोरडवाहू शेतकऱ्याचा त्यांवर संसार आहे. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु शंभर ग्रॅम गव्हात सुमारे ६५ ग्रॅम पिष्ट असते, ज्वारीत ६८, नाचणीत ६७, बाजरीत ६२ आणि तांदळात ७८ ग्रॅम. धान्य बदलले आणि प्रमाण तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका फारसा कमी होत नाही, असे २०२५ च्या त्याच अभ्यासात दिसले. धोका कमी दिसला तो पिष्टाचा काही भाग काढून तेथे डाळी किंवा दूधदुभत्याची प्रथिने घेतली, त्या ठिकाणी.

कोणी म्हणेल, आमचे आजोबा चार भाकऱ्या खात, त्यांना काही झाले नाही. खरे आहे. पण आजोबा पहाटे मोट हाकत होते. आपण नांगर सोडला, मोट सोडली, पायी चालणेही सोडले. भाकऱ्यांची संख्या मात्र परंपरा म्हणून जपली!

ताटाचा हिशेब

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. कागद-पेन्सिल घेऊन मंडईजवळच्या वाण्याकडे गेलो, दर टिपून घेतले. दर खालीवर होतील, आपण आपल्या दुकानाचे दर घालून ताडून पाहावे.

दहा ग्रॅम प्रथिने मिळवण्यास किती रुपये लागतात? बदामातून सुमारे ४०, पनीरमधून २० च्या पुढे, दुधातून १९-२०. अंड्यातून ११, हे ज्यांना चालते त्यांच्यासाठी. शेंगदाण्यातून साडेसहा, हरभरा डाळीतून साडेचार, आणि सोयावडीतून अवघे तीन रुपये. म्हणजे त्या कागदावर जे लिहिले होते ते सर्वांत महाग, आणि वहिनींच्या डब्यात जे होते ते सर्वांत स्वस्त होते. केवळ प्रमाण उलटे होते.

एका बैठे काम करणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाचा दिवस पाहा. सकाळी बशीभर पोहे, दोन्ही वेळच्या मिळून पाच पोळ्या, दोन वाट्या भात, दोन-दोन चमचे साखरेचा तीन वेळा चहा आणि त्याबरोबर चार बिस्किटे. यातून सुमारे २७५ ग्रॅम पिष्ट आणि साखर, म्हणजे ११०० उष्मांक पोटात जातात. भाजी-आमटीतले वेगळेच.

आता तोच दिवस असा करू. पोह्यांच्या जागी मूगडाळीची धिरडी, पोळ्या तीन, भात अर्धी वाटी, चहा दोन वेळा आणि साखर अर्धा चमचा, बिस्किटांऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे. पिष्ट सव्वाशे ग्रॅमच्या आत आले. जी भूक उरते तिच्यासाठी आमटी घट्ट करावी, पिठले वाढवावे. पिठल्याला आपण गरिबाचे अन्न म्हणतो आणि पाहुण्यांपुढे ठेवण्यास संकोचतो. वास्तविक भाकरी अर्धी आणि पिठले दुप्पट, हे उत्तम पथ्य आहे. जोडीला मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी यांपैकी जी जुडी त्या दिवशी स्वस्त असेल ती घ्यावी आणि वाटीभर ताक प्यावे.

खर्च? महिन्याला एका माणसामागे साखर, बिस्किटे, पोहे, तांदूळ आणि कणीक यांत सुमारे ४४० रुपये वाचले. मूगडाळ, शेंगदाणे आणि जादा हरभरा डाळ यांना सुमारे ३७० लागले. उरलेल्या सत्तर रुपयांत पालेभाजी आली. मध्यमवर्गीय घराला हे पथ्य एक पैसाही जास्त पडत नाही.

उपवास आणि चहा

दोन ठिकाणी आपण विशेष घसरतो. एक उपवासाच्या दिवशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नावालाही नाहीत. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच पूर्वजांनी आपल्यालाच ऐकवली आहे. दाणे, दही, ताक, राजगिरा हेही उपवासाला चालतातच. व्रताचा हेतू संयम आहे, खिचडी नव्हे.

दुसरे ठिकाण म्हणजे चहा. संपर्कासाठी फिरणारा आपला कार्यकर्ता एका संध्याकाळी आठ घरी जातो आणि आठ कप गोड चहा पितो, कारण नाही म्हटले तर वहिनींना वाईट वाटते. माझ्या परिचयातील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या पायाची दोन बोटे मधुमेहामुळे काढावी लागली. आयुष्यभर ज्या घरांनी त्यांना प्रेमाने चहा दिला, त्यांतले एक घर माझेही होते. माता-भगिनींनो, यापुढे कार्यकर्ता दारी आला तर फुटाणे द्या, ताक द्या, पाणी द्या. तोही आदरच आहे. सणाचा नैवेद्य सणाला असू द्यावा. संक्रांतीचा तिळगूळ आणि गणपतीचा मोदक यांनी कोणाचे बिघडत नाही, बिघडते ते रोजच्या खारी-टोस्टने.

सावधानतेचे चार शब्द

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पोळी-भात एकदम कमी करू नये. औषध तेवढेच राहिले आणि जेवण कमी झाले, तर रक्तातील साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डाळी आणि प्रथिने मनाने वाढवू नयेत. गर्भवती भगिनी, वाढत्या वयाची मुले आणि अंगमेहनत करणारे यांचे माप वेगळे आहे. मी सांगितले ते बैठ्या माणसाचे.

जेथे हिशेब जुळत नाही

सेवावस्तीतील त्या घरी मी हाच कागद घेऊन पुन्हा गेलो. वहिनींनी तो पाहिला आणि एकच गोष्ट विचारली, "पण गहू-तांदूळ तर आम्हाला फुकट मिळतात. ते कमी खाल्ले तर पैसे कुठे वाचले?" माझा हिशेब तेथे कोसळला. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला दरमहा पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कोणी उपाशी राहू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे आणि तिचे मोल मोठे आहे. पण ते धान्य प्रामुख्याने गहू आणि तांदूळ आहे. डाळ मात्र विकतच आणावी लागते. या घरात पथ्यामागे माणशी ११० रुपये, चौघांचे महिना सुमारे साडेचारशे रुपये कमी पडतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत सांगितले की, धान्यातून ४५ टक्क्यांहून अधिक उष्मांक येऊ नयेत. डाळी, अंडी, मांस-मासे यांतून १४ टक्के यावेत, ते प्रत्यक्षात सहा ते नऊ टक्केच येतात. शिधापत्रिकेवर डाळ देणे अशक्य नाही. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल ते नोव्हेंबर दर कुटुंबाला महिना एक किलो डाळ वा हरभरा देण्याची योजना केंद्र सरकारने राबवली होती. संकटात जे करता आले, ते नित्याचे व्हावे, अशी मागणी आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे केली पाहिजे. महाराष्ट्र सोयाबीनचे कोठार आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सोयाबीनचे सुधारित वाण शेतकऱ्यांना दिले आहेत. पण तेल काढून उरलेली प्रथिनयुक्त पेंड मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्यातला थोडा भाग वडीच्या रूपाने माणसाच्या ताटात यायला हवा.

आणि मागणी मान्य होईपर्यंत? त्या घरी आम्ही एवढेच ठरवले की, सुरुवात फक्त भाऊंच्या ताटापासून करायची. बिस्किटाचा पुडा बंद करायचा आणि आठवड्यातून चार दिवस सोयावडीची भाजी करायची. वस्तीतील पाच-सहा घरांनी मिळून डाळ आणि शेंगदाणे ठोक बाजारातून एकत्र आणावेत, असे काही भगिनींनी मनावर घेतले आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे चारचाकी आहे, त्यांनी महिन्यातून एक रविवार मार्केट यार्डापर्यंतची फेरी करून द्यावी. यालाही मी सेवाकार्यच म्हणेन.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने स्वयंपाकघरातील डबे उघडून पाहावे. धान्याचे डबे किती आणि डाळीचे किती, ते मोजावे, आणि पुढील महिन्याच्या किराणा यादीत एक किलो इकडून तिकडे करावे. एवढी विनंती करून मी थांबतो.